भागीरथाची अट

भागीरथा भोयर ही बाई राग विसरणाऱ्यांतली नव्हती, आणि हे तिच्या गावात लहान पोरांनाही ठाऊक होतं. भिवापूरजवळच्या त्या गावात तिच्या चुलत दिराने एकदा बांधावरची तिची बाभूळ न विचारता तोडली. बाभूळ गेली, पुढे दीरही गेला, पण भागीरथाने बावीस वर्षं त्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही. दिराच्या तेरवीला ती गेली, चार तास राबली, पंगतीला वाढलं, आणि जीभ टाळूला चिकटलेली असताना तशीच घरी येऊन आपल्या माठातलं पाणी प्यायली. तिचा नवरा रुपराव लोकांना सांगायचा, हिच्याशी भांडायचं तर खुशाल भांडा, पण हिचं काही नेऊ नका.

आणि जंगलातल्या लढाईने तिचा पोरगा नेला.

तिचं सगळं आयुष्य मिरचीत गेलेलं. तोडून आणलेल्या मिरचीचे लाल ढीग ज्या आवारात पडतात त्याला तिकडे सातरा म्हणतात. बाया रांगेने बसतात आणि एकेका मिरचीचा देठ खुडतात. भागीरथा चौदाव्या वर्षी त्या रांगेत बसली ती पन्नाशी ओलांडेपर्यंत. बोटांची आग संध्याकाळी मनगटापर्यंत चढायची. सवय झाली असेल आता, असं कोणी म्हटलं की ती साफ नाही म्हणायची. घरची तीन एकर शेती आणि सातऱ्यावरचं काम यातून तिने दुर्गेशला शिकवलं. तो गडचिरोलीला पोलिसात ड्रायव्हर म्हणून लागला. एकुलता एक. लग्न झालं, खुशी झाली, खुशी पाच वर्षांची झाली, आणि एका श्रावणात पुलाच्या अलीकडे, रस्त्याखाली पुरलेल्या सुरुंगाने त्याची गाडी उडाली. गाडीत चौघे होते. चौघेही गेले.

गावात पेटी आली. वर तिरंगा, सोबत बंदुका उलट्या धरलेले जवान. पेटी उघडायची नाही असं साहेबांनी सांगितलं. भागीरथाने हात जोडले, पाय धरले, पण पेटी उघडली नाही. पोराचं तोंड तिने पाहिलं नाही ते नाहीच.

पुढच्या आठवड्यात पेपरात सात नावं छापून आली. सुरुंग लावणाऱ्या दलमची, म्हणजे नक्षलवाद्यांच्या तुकडीची, ही माणसं, पोलीस त्यांच्या शोधात आहेत, असं खाली लिहिलं होतं. चौथी शिकलेल्या भागीरथाने ती सात नावं बोट ठेवून वाचली, कात्रण कापलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. पुढची सहा वर्षं ती पेपर वाचत राहिली. चकमकीच्या बातम्या येत. कधी दोन मेले, कधी बारा. सातांतलं एखादं नाव त्यांत निघालं की ती त्याच्यावर रेघ मारी आणि त्या दिवशी घरात शिरा करी. भरपूर तूप, वेलची, वरून बदामाचे काप. अशा चार रेघा पडल्या होत्या. घरात कोणी कशाचा शिरा म्हणून विचारत नसे.

सहावं नाव होतं मासू गोटा. बटण दाबणारा हाच, असं पेपरचं म्हणणं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोटोच आला, पण मेला म्हणून नाही. त्याने शस्त्र खाली ठेवलं होतं. मोठे साहेब त्याला फुलांचा गुच्छ देत होते, आणि तो डाव्या कानाची फाटलेली पाळी कॅमेऱ्याकडे करून उभा होता. भागीरथाने तो फोटो इतका वेळ पाहिला की सुनेने शेवटी पेपर हातातून काढून घेतला. माझ्या पोराला पेटी आणि याला गुच्छ, एवढंच ती म्हणाली, आणि दोन दिवस जेवली नाही.

सून म्हणजे मयुरा. दुर्गेशच्या जागेवर तिला नागपुरात पोलीस खात्याच्या ऑफिसात कारकुनी मिळाली, म्हणून तिघी शहराच्या कडेला बेशाला राहायला आल्या. रुपराव शेतीपाशीच राहिला. बेशाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एका बाजूला नव्या इमारती, दुसऱ्या बाजूला अजून न विकलेली तुरीची शेतं. मयुरा सकाळी नऊला निघे ती सातला येई. खुशीचं सगळं आजीकडे. शाळा, डबा, अभ्यासाला बसवणं, आणि संध्याकाळी मैदान.

खुशी खो-खो खेळायची. अंगाने बारीक, पण सूर मारायची तेव्हा सापासारखी लांब व्हायची. मैदान घरापासून दहा मिनिटांवर. शिकवायला अरुंधती मॅडम, शाळेतून निवृत्त झालेल्या, गळ्यात शिटी आणि डोक्यावर पांढरी टोपी. भागीरथा रोज कठड्यावर बसून खेळ पाही. खेळाचे नियम तिला पहिल्या महिन्यात पाठ झाले, आणि दुसऱ्या महिन्यापासून ती मॅडमच्या चुका काढू लागली.

जुलैत वसतिगृहातून एक नवी मुलगी आली. मैनी. बारा वर्षांची, काळी, काटक, केस मुलांसारखे कापलेले. बेशाच्या पलीकडे एका संस्थेने जंगल भागातल्या आदिवासी मुलींसाठी चालवलेलं वसतिगृह होतं, तिथे ती राहायची. पळताना तिचा पाय वाजत नसे. खुशी आणि तिची जोडी जमली. शनिवारी मैनी घरी जेवायला येऊ लागली. भागीरथाने तिला झुणका-भाकर वाढली, सोबत ठेचा. पोरीने ठेचा भाजीसारखा खाल्ला आणि आणखी मागितला. तीस वर्षांत भागीरथाच्या ठेच्याला असा मान कोणी दिला नव्हता. तिने त्या पोरीच्या डोक्याला तेल लावलं, फाटलेला फ्रॉक शिवून दिला, आणि रात्री सुनेला म्हणाली की बिनमायची दिसते, पण पोटात माया आहे.

डिसेंबरात एका रविवारी मैनीचा बाप आला.

तो मैदानाच्या कोपऱ्यात कडुलिंबाखाली उभा राहिला. हातात बोरांची पिशवी. मैनी खेळ सोडून त्याच्याकडे धावली तेव्हा भागीरथाने सहज तिकडे पाहिलं, आणि तिला फाटकी पाळी दिसली. तिने पुन्हा पाहिलं. गुच्छातला चेहरा आता जरा भरला होता, केसांत पांढरं आलं होतं, पण कान तोच. खेळ संपल्यावर तिने मैनीला जवळ बोलावलं आणि तुझं पूर्ण नाव काय, म्हणून विचारलं. पोरीने शाळेत सांगतात तसं सरळ उभं राहून सांगितलं, मैनी मासू गोटा.

त्या रात्री तिने घरात काही सांगितलं नाही. अंथरुणावर पडून तिला सारखं एकच आठवत होतं. या हातांनी आपण त्याच्या पोरीच्या डोक्याला तेल लावलं.

पुढच्या रविवारी ती पिशवीत तिखटाची पुडी घेऊन मैदानावर गेली. घरचं तिखट, भिवापूरचं, बारीक दळलेलं. मासू आलेला होता. तिला येताना पाहून तो कठड्यावरून उठला, जोहार आजी, म्हणाला, आणि धुळीच्या कठड्यावर आपला गमछा पसरून तिला जागा केली. ती बसली. पिशवीतल्या पुडीचा कागद तिने अंगठ्याने फाडला आणि तिखट मुठीत घेतलं. दोघांत दोन हातांचं अंतर, वारा तिच्या पाठीमागून. समोर पोरी ओरडत होत्या. तो आपल्या पोरीकडे पाहत होता, डोळे पूर्ण उघडे.

तिने तिखट फेकलं नाही. दया आली म्हणून नाही. तिखटात जन्म गेलेल्या बाईला तिखट किती वेळ टिकतं ते ठाऊक होतं. पाणी मारलं की अर्ध्या तासात माणूस उघड्या डोळ्यांनी उठून बसतो. तिने सहा वर्षं भोगलं होतं. अर्ध्या तासावर ती भागवणार नव्हती. मुठीतलं तिखट घामाने ओलं होईपर्यंत ती तशीच बसली, आणि उठताना तिला काय करायचं ते सापडलं होतं.

मैदानावर मुलींना सोडायला येणाऱ्या बायांचा घोळका रोज फाटकापाशी उभा असे. सोमवारी भागीरथा त्यांच्यात जाऊन उभी राहिली. मिनलची आई त्यांच्यात पुढारी. भागीरथाने आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. तो कोपऱ्यात उभा राहणारा माणूस कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे का, एवढंच विचारलं. मग त्याचं नाव सांगितलं, पेपरातला फोटो दाखवला. जंगलातून पळून आलेल्या माणसाला त्याचे जुने सोबती सोडत नाहीत, शोधत शोधत येतात, हे तिने सांगितलं, आणि ते खरंही होतं. म्हणूनच तर तो गडचिरोली सोडून इथे एका रोपवाटिकेत माळीकाम करत होता. उद्या त्याच्यासाठी कोणी बंदूक घेऊन या मैदानावर आलं तर आपल्या पोरी कुठे पळतील, असं म्हणून ती थांबली. दुर्गेशचं नाव तिने काढलंच नाही. ते तर सगळ्यांना माहीत होतं.

गुरुवारपर्यंत अर्ज तयार झाला. सतरा पालकांच्या सह्या. ती मुलगी आणि तिचा बाप मैदानावर नको. भागीरथाने सही केली नाही. सही करायची गरजच उरली नव्हती. अरुंधती मॅडमनी दोन दिवस वाद घातला, मग पालिकेच्या माणसाने मैदानाची परवानगी काढून घेऊ अशी भाषा केली, आणि त्यांनी शनिवारी वसतिगृहात फोन केला. कोराडीच्या खो-खो स्पर्धेला पंचवीस दिवस उरले असताना मैनीचं खेळणं बंद झालं.

त्या संध्याकाळी भागीरथाने शिरा केला.

खुशी मैदानावरून आली ती गप्प होती. मैनी का आली नाही, हे मॅडम सांगत नव्हत्या. हातपाय धुऊन ती स्वयंपाकघरात आली, ताटात शिरा पाहिला आणि उभीच राहिली.

“आज कोण मेलं, आजी?”

शिरा कशाचा ते पोरीला माहीत आहे, हे भागीरथाला त्या क्षणी कळलं. खुशी कपाटाशी गेली, दार उघडलं, कात्रण पाहिलं. नवी रेघ नव्हती. कोचावर पडलेला आजचा पेपर तिने उलटून पाहिला, त्यात चकमकीची बातमी नव्हती. मग ती परत आली आणि आजीच्या तोंडाकडे पाहत राहिली. अकरा वर्षांची पोर, पण नाक आजीचं होतं आणि नजरही.

“मैनीले तूच काढलं नं?”

“बसून जेव,” भागीरथा म्हणाली.

“तूच काढलं.”

“हो, मीच काढलं. तिचा बाप कोण हाय मालूम हाय का तुले?”

“मालूम हाय,” खुशी म्हणाली. “गणपतीपासून मालूम हाय.”

मग तिने उभ्या उभ्या सांगितलं. गणपतीच्या सुट्टीत मैनीने तिला सांगितलं होतं की आपले आईबाप जंगलात होते, आपल्याला आजीपाशी ठेवून गेले होते. खुशीने बापाचं नाव विचारलं. ते नाव तिने कपाटाच्या दारावर हजार वेळा वाचलेलं. तिने मैनीला पूल कोणता ते सांगितलं, गाडीत कोण होतं ते सांगितलं. त्यानंतर आठ दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मैनी खांबामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, हाण मला. खुशीने हाणलं. दोन थोबाडीत मारल्या, जोरात, मैनीच्या ओठातून रक्त आलं. मैनी रडली नाही. मग ती म्हणाली, माझी आई पोलिसांच्या गोळीने गेली, मी कोणाला मारू. खुशीने खूप विचार केला आणि म्हटलं, मला मार. मैनीने एकच मारली. मग दोघी नळावर गेल्या, तोंडं धुतली आणि सरावाला उभ्या राहिल्या.

“आमचं झालं होतं, आजी,” खुशी म्हणाली. “तू काहून मधात आली?”

त्या ओठाची जखम भागीरथाला आठवली. तिनेच त्यावर हळद लावली होती, खेळताना पडली असेल म्हणून. आता तिला दोन्ही पोरींचा राग आला. सहा वर्षं आपण जे उरात धरून बसलो ते या दोघींनी नळावर धुऊन टाकलं. तुझ्या बापाचं रक्त एवढं स्वस्त आहे का, असं ती बोलून गेली. खुशीने ताट सरकवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं.

दुसऱ्या दिवसापासून खुशीने आजीच्या हातचं खाणं-पिणं सोडलं. भांडण नाही, उलट उत्तर नाही. डबा ओट्यावर ठेवून शाळेत जाई. आई कामावरून आल्यावर ती जे करून देई ते खाई, नाहीतर नुसते फुटाणे. पाण्याचा पेला भागीरथाने पुढे केला तर तो बाजूला ठेवून स्वतः दुसरा भरून घेई. मयुराने दोघींची समजूत घालायचा प्रयत्न केला. शेवटी ती थकून सासूला म्हणाली, “आई, मले ऑफिसात रोज या लोकांच्या फायली हाताळाव्या लागतात. मी कोणाकोणाचा राग करू? पण पोरगी उपाशी राहून राहिली, ते मले पाहवत नाही.”

माघार भागीरथाला माहीत नव्हती, आणि पोरीलाही माहीत नव्हती. दिरापायी बावीस वर्षं आपण काय केलं ते तिला आता समोरच्या बाजूने दिसत होतं. पोरगी वाळत चालली होती. रागाबरोबर तिला आतून एक विचित्र अभिमानही वाटत होता, आणि त्याचाही तिला राग येत होता.

आठव्या दिवशी, रविवारी, मैदानावर पालकांची बैठक होती. कोराडीला जाणाऱ्या बसचं आणि कपड्यांचं ठरवायचं होतं. अरुंधती मॅडम बोलत असताना खुशी रांगेतून बाहेर आली. मैनी नसेल तर मी खेळणार नाही, असं तिने सांगितलं. मिनलच्या आईने तिला गोड बोलून समजावलं की बेटा, आम्ही हे तुझ्याच बाबांसाठी करतो आहोत, त्यांनी देशासाठी जीव दिला.

खुशीने शांतपणे विचारलं, “वारले ते माझे बाबा. तुमचं कोण वारलं?”

सह्या केलेले सतरा जण इकडे तिकडे पाहू लागले. मग मिनलच्या आईने मान वळवून भागीरथाकडे पाहिलं, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी. तुझ्या आजीनेच तर सांगितलं आम्हाला, असं ती हळूच म्हणाली.

भागीरथा कठड्यावरून उठली. तिला दोन्ही पोरींचा राग होता, पण या बायांचा आता जास्त आला. या मिनलच्या आईच्या घरात कधी बंद पेटी आली नाही, आणि ही माझ्या पोराच्या नावाने गोड बोलते. ती चालत घोळक्यापर्यंत आली. पोट्टी खेळेल, असं तिने मॅडमना सांगितलं. सह्या ज्यांनी केल्या त्यांनी त्या मागे घ्याव्यात. आणि तिच्या बापाचं काय, असं कोणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “त्याचं मी पाहतो. तो माह्या वाटणीचा हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच ऑटो करून रोपवाटिकेवर गेली. हिरव्या जाळीखाली झेंडूच्या कुंड्यांच्या रांगा होत्या. मासू उकिडवा बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होता. तिला पाहून उठला, हात धोतराला पुसले. या वेळी जोहार म्हणाला नाही. ती कोण आहे ते त्याला एव्हाना कळलेलं असावं.

भागीरथाने बसायला नकार दिला.

“बटण कोणं दाबलं?”

पेपरवाले काहीही लिहितात, असं तो म्हणू शकला असता. दलममध्ये हुकूम असतो, असंही म्हणू शकला असता. तिने त्या दोन्हींची उत्तरं ऑटोत बसून तयार केली होती.

“मी,” मासू म्हणाला.

“गाडीत कोण होतं?”

“नाही मालूम. तेव्हा मालूम नव्हतं.”

“दुर्गेश होता. माहा पोरगा. म्हण त्याचं नाव.”

त्याने नाव घेतलं. ते त्याच्या तोंडात नीट बसलं नाही. तिने पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणायला लावलं. बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं जोडून म्हणायला लावलं, शाळेत पाढे घोकवतात तसं. शेजारच्या रांगेतल्या दोन माळणी हातातलं काम टाकून पाहत राहिल्या. सहाव्या की सातव्या वेळी त्याचा आवाज फुटला, पण तो थांबला नाही, ती पुरे म्हणेपर्यंत म्हणत राहिला. आपण याला मारणार, असं तिला वाटलं. मारलं असतं तर त्याने अडवलं नसतं, हेही तिला दिसत होतं. म्हणूनच तिने हात उचलला नाही. त्याला हलकं वाटेल असं काही ती करणार नव्हती.

मग तिने अट सांगितली. मैनी खेळेल, शनिवारी घरी जेवायलाही येईल, तिला कोणी बोट लावणार नाही. पण त्याने मैदानात पाय टाकायचा नाही. बेशाच्या नाही, कोराडीच्या नाही, पोरगी जिथे जिथे खेळेल तिथल्या कोणत्याच नाही.

“माहा पोरगा त्याच्या पोरीचा खेळ पाहू शकत नाही. तूही तुह्या पोरीचा पाहायचा नाही.”

मासूने विचारलं, किती दिवस.

“मी जिती हाय तोवर.”

त्याने खाली मातीकडे पाहत होकाराची मान हलवली. भागीरथा वळून निघाली. फाटकापर्यंत येईस्तोवर तिला वाटत होतं की तो मागून काही म्हणेल, क्षमा मागेल. मागितली असती तर तिने काय ऐकवायचं तेही ठरवून ठेवलं होतं. त्याने मागितली नाही. ते तिला बरं वाटलं की वाईट, हे तिला घरी पोहोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

रात्री तिने खुशीला अट सांगितली. खुशीला ती पटली नाही. हे चुकीचं आहे, असं तिने तोंडावर सांगितलं. पण मैनी खेळणार होती. थोड्या वेळाने ती येऊन ताटावर बसली आणि आजीने वाढलेली भाकर न बोलता खाल्ली. ठेचा मात्र घेतला नाही.

जानेवारीच्या मध्याला कोराडीला सामने झाले. वीज केंद्राच्या वसाहतीतलं मैदान, मागे धूर सोडणाऱ्या उंच चिमण्या, पानांवर राखेचा थर. मैदानाला पुरुषभर उंच भिंत आणि एक लोखंडी फाटक. बाहेरच्या रस्त्याने कोळशाचे ट्रक जात होते. भागीरथा मुलींच्या बसमधून आली. मासू सिटी बसने आला असावा. ती उतरली तेव्हा तो भिंतीबाहेर, चहाच्या टपरीपाशी उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. तो जागचा हलला नाही.

अंतिम सामना दुपारी दोनला सुरू झाला. पहिल्या डावात बेशाच्या मुली मागे पडल्या. दुसऱ्यात मैनी पळतीला उतरली आणि साडेतीन मिनिटं कोणाच्या हाताला लागली नाही. खांबाला वळसा, हुलकावणी, पुन्हा वळसा. सगळं मैदान तिच्या नावाने ओरडायला लागलं. भिंतीबाहेर ते नाव पोहोचत असणार, भागीरथाच्या मनात आलं. नाव पोहोचत असेल, पोरगी दिसत नसेल. तिला हवं होतं ते अगदी तसंच्या तसं घडत होतं. ती पदर घट्ट धरून बसली होती, आणि मैनी धुळीत घसरून निसटली तेव्हा बाकीच्यांबरोबर तीही ओरडली, हे तिच्या नंतर लक्षात आलं. शेवटच्या डावात खुशीने खांबावर सूर मारून गडी टिपला, आणि बेशाचा संघ दोन गुणांनी जिंकला.

बक्षिसांच्या आधी अरुंधती मॅडम तिच्या शेजारी येऊन बसल्या. बाहेर तो तीन तासांपासून उन्हात उभा आहे, असं त्या म्हणाल्या. पदक देताना तरी त्याला आत घेऊ या का. एवढ्यापुरतं.

“नाही,” भागीरथा म्हणाली.

मॅडम उठून बक्षिसांच्या टेबलाकडे गेल्या.

पदकं गळ्यात पडली तशा दोघी पोरी फाटकाकडे धावल्या. भागीरथाला बसल्या जागेवरून फाटकाच्या गजांतून रस्ता दिसत होता. मैनीने पदक काढून बापाच्या हातात दिलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग तो काहीतरी विचारत होता, आणि खुशी त्याला सांगत होती. खुशी रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या धुळीत, हात पसरून दाखवत होती की सूर कसा मारला, गडी कसा निसटत होता, बोटं पाठीला कशी टेकली. तो वाकून ऐकत होता. एक बाप ऐकतो तसा.

हे सांगणं दुर्गेशचं होतं. त्याच्या वाटणीचं सांगणं त्याची पोरगी रस्त्यावर उभी राहून या माणसाला देत होती, आणि यावर अट घालायला भागीरथाला सुचलं नव्हतं. तिला हाक मारून पोरीला आत बोलावता आलं असतं. बोलावलं तर पुन्हा फुटाणे, पुन्हा बंद दार. ती दात आवळून पाहत राहिली. खुशीचं सांगून संपायला बराच वेळ लागला, तेवढा वेळ ती दोघींच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन बसली.

परत निघताना मुलींनी बसमध्ये गाणी सुरू केली. भागीरथाने रस्त्याच्या बाजूची खिडकी धरली. मिनलच्या आईने म्हटलं की त्या बाजूला ऊन येईल, इकडे बसा. ती उठली नाही. मासू अजून टपरीपाशीच होता, मुलीची बस जाईपर्यंत थांबलेला. रिकामं झालेलं मैदान फाटकातून दिसत होतं आणि फाटक आता सताड उघडं होतं. बस वळेपर्यंत तिने त्याच्यावरून नजर काढली नाही. तो आत गेला नाही, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.